परळचे केईएम : राजाच्या नावाचे, प्रजेचे रुग्णालय

सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय ही मुंबई महानगरपालिकेची जोडसंस्था परळला आचार्य दोंदे मार्गावर उभी आहे. एवढे लांबलचक नाव मुंबईत कोणीच घेत नाही. रुग्ण आणि त्याचे नातेवाईक 'केईएम' म्हणतात, विद्यार्थी आणि प्राध्यापक 'जी.एस.' म्हणतात. एका आवारात, एकाच अधिष्ठात्याच्या हाताखाली चालणाऱ्या या दोन संस्थांना वेगळे करून पाहणे अवघड आहे, कारण जो डॉक्टर सकाळी बाह्यरुग्ण विभागात रुग्ण तपासतो तोच दुपारी व्याख्यानगृहात उभा असतो. पुण्याच्या रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयाशी या संस्थेचा संबंध नाही. ते विश्वस्त संस्थेचे रुग्णालय आहे. दोन्ही शहरांनी एकाच राजाचे स्मारक केले, इतकाच काय तो धागा.

परळच्या केईएममध्ये सुमारे १८०० खाटा आहेत आणि बाह्यरुग्ण विभागात वर्षाकाठी अठरा लाखांच्या आसपास रुग्ण येतात. हा आकडा वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हे रुग्णालय ना केंद्र सरकारचे, ना राज्य सरकारचे. रस्ते झाडणाऱ्या, पाणी पुरवणाऱ्या आणि गटारे उपसणाऱ्या नगरपालिकेने ते उभारले आणि आजवर चालवले. नायर, शीव आणि पुढे कूपर ही मुंबई महापालिकेची इतर वैद्यकीय महाविद्यालये व रुग्णालये याच वाटेवरची आहेत. एका शहराच्या पालिकेने इतकी वैद्यकीय महाविद्यालये चालवावीत, हे देशात फारसे आढळत नाही.

देणगीमागची अट

सातव्या एडवर्डचे निधन मे १९१० मध्ये झाले. साम्राज्यभर त्याच्या स्मारकांची लाट आली. कुठे पुतळे उभे राहिले, कुठे बागा झाल्या. मुंबईत रुग्णालय उभारायचे ठरले. इथवरची हकिगत राजनिष्ठेची आहे. महाविद्यालयाची हकिगत मात्र नेमकी उलट्या दिशेने जाते.

त्या काळी मुंबईत आधुनिक वैद्यकाचे शिक्षण देणारी प्रमुख संस्था म्हणजे १८४५ साली स्थापन झालेले ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेले सर जे. जे. रुग्णालय. ते सरकारी होते. तेथील प्राध्यापकपदे प्रामुख्याने इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे जात आणि ही सेवा मूलतः लष्करी होती. तिच्यात युरोपीयांचा वरचष्मा होता. लंडन-एडिंबरोच्या पदव्या घेऊन परतलेल्या हिंदी डॉक्टरांना शहरात नाव आणि पैसा मिळे, पण मोठ्या रुग्णालयाचा वॉर्ड आणि अध्यापनाची खुर्ची मिळत नसे. वॉर्डाशिवाय डॉक्टरला संशोधन करता येत नाही, आणि विद्यार्थी नसले की त्याची विद्या त्याच्याबरोबरच संपते. त्यामुळे हा प्रश्न केवळ पगाराचा किंवा मानापमानाचा नव्हता. असहकाराच्या लाटेत १९२१ साली नॅशनल मेडिकल कॉलेज निघाले, तेच आजचे टोपीवाला महाविद्यालय. त्याच्या मुळाशीही हीच कोंडी होती.

सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांनी परळच्या महाविद्यालयासाठी मोठी देणगी देऊ केली आणि तिला एक अट जोडली. येथे नेमले जाणारे प्राध्यापक व अध्यापक योग्य अर्हतेचे, स्वतंत्र आणि हिंदी असावेत. ते सरकारी नोकरीत नसावेत. 'स्वतंत्र' आणि 'सरकारी नोकरीत नसावेत' हे दोन शब्दप्रयोग महत्त्वाचे आहेत. केवळ हिंदी असावेत एवढेच म्हटले असते, तर सरकारने आपल्याच सेवेतील चार हिंदी अधिकारी पाठवून अट पुरी केली असती. विश्वस्तांनी ती फट आधीच बुजवली. पालिकेने अट मान्य केली. २२ जानेवारी १९२६ रोजी रुग्णालय आणि महाविद्यालय सुरू झाले. इंग्लंडच्या राजाचे नाव दारावर आणि आत शिकवणाऱ्यांत एकही इंग्रज नाही, असा हा विलक्षण मेळ होता.

इमारतीचा आराखडा जॉर्ज विटेट या वास्तुरचनाकाराचा. गेट वे ऑफ इंडिया आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) यांचाही तोच रचनाकार. रुग्णालय सुरू झाले त्याच वर्षी, १९२६ साली, विटेटचा मुंबईतच मृत्यू झाला. गेट वेसमोर छायाचित्रे काढून घेणाऱ्यांना त्याचे नाव ठाऊक नसते, तसे केईएमच्या रांगेत उभ्या असलेल्यांनाही नसते. परंतु त्याच्या हातून घडलेल्या वास्तूंपैकी सर्वाधिक माणसांच्या उपयोगी पडलेली वास्तू बहुधा हीच असावी.

पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता. अमरेलीत जन्मलेले, ग्रँट कॉलेजात आणि पुढे लंडनला शिकलेले मेहता हे गांधीजींचे डॉक्टर म्हणूनही ओळखले जात. १९४२ पर्यंत त्यांनी ही संस्था सांभाळली. स्वातंत्र्यलढ्यात त्यांना तुरुंगवास घडला आणि १९६० मध्ये गुजरात राज्य वेगळे झाले तेव्हा ते त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या पत्नी हंसाबेन मेहता यांनी मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील 'सर्व पुरुष' या अर्थाची शब्दयोजना बदलून 'सर्व माणसे' अशी करायला लावली, हे येथे जाता जाता नोंदवायला हरकत नाही.

जीवराज मेहतांपुढचे काम सोपे नव्हते. हिंदी माणसांना हे जमणार नाही, असे म्हणणारे सरकारी वर्तुळात पुष्कळ होते. संस्था ढासळली असती तर ते अपयश एका महाविद्यालयाचे मानले गेले नसते. सगळ्या हिंदी डॉक्टरांच्या माथी मारले गेले असते. सुरुवातीच्या पिढीतील अध्यापकांच्या शिस्तीच्या ज्या आख्यायिका जी.एस.मध्ये पुढेही सांगितल्या जात राहिल्या, त्यांचे मूळ या धास्तीत असावे.

गिरणगावाच्या मधोमध

जागा परळची निवडली गेली याला अर्थ होता. त्या काळचे परळ म्हणजे गिरण्यांचे भोंगे आणि चाळींच्या रांगा. कोकणातून, देशावरून आलेला कामगार एका खोलीत दहा-पंधरा जणांसह राहत होता. क्षय, आमांश, यंत्रात सापडलेली बोटे आणि अडलेली बाळंतपणे हा या वस्तीचा रोजचा हिशेब होता. प्लेगच्या काळात याच भागातील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ साली डॉ. हाफकिन यांची लसीची प्रयोगशाळा आली होती. पुढे वाडिया रुग्णालये आली आणि १९४१ साली जवळच टाटा मेमोरियल उभे राहिले. परळचे हे वैद्यकीय रूप एकाच आराखड्यातून घडलेले नाही. रोग आणि रोगी जेथे होते तेथे दवाखाने येत गेले.

कामगाराला जवळचे रुग्णालय मिळाले आणि नव्या महाविद्यालयाला रुग्ण मिळाले. वैद्यकीय शिक्षणातला हा व्यवहार स्पष्ट शब्दांत फारसा मांडला जात नाही. सार्वजनिक रुग्णालयात गरीब माणूस नाममात्र पैशात उपचार घेतो आणि त्या बदल्यात, कोणी त्याला न विचारता, स्वतःचे शरीर शिक्षणासाठी देऊन बसतो. त्याच्या यकृताची सूज दहा विद्यार्थी चाचपून पाहतात, त्याच्या हृदयाची कुरकूर वीस जण ऐकतात. शहरातला नामांकित विशेषज्ञ खासगी रुग्णालयात ज्या सफाईने शस्त्रक्रिया करतो, ती सफाई त्याला कुठल्या तरी सार्वजनिक रुग्णालयाच्या टेबलावर मिळालेली असते. संमतीचे नियम आणि नैतिकता समित्या नंतरच्या. त्याआधीची कित्येक दशके हा व्यवहार विश्वासावर चालला. चांगला शिक्षक विद्यार्थ्याला आधी रुग्णाच्या अंगावर पांघरूण नीट करायला शिकवी आणि मग तपासायला. सगळेच शिक्षक तसे नव्हते.

खाटेशेजारच्या या शाळेत भाषाही शिकावी लागते. पाठ्यपुस्तक इंग्रजीत असते आणि रुग्ण 'पोटात गोळा उठतो', 'छातीत भरून येतं', 'हातापायाला मुंग्या येतात', 'डोळ्यांपुढे अंधारी येते' असे सांगतो. ही वाक्ये लक्षणांच्या शास्त्रीय भाषेत मनातल्या मनात उतरवता आली की विद्यार्थी अर्धा डॉक्टर झाला, असे जुने शिक्षक म्हणत. गुजराती, मद्रासी, पंजाबी घरांतून आलेली मुले जी.एस.मध्ये येऊन गिरणगावचे मराठी शिकली ती याच गरजेपोटी.

अनेक वर्षे केईएमचा डोलारा मानद डॉक्टरांवर उभा होता. शहरातले नामांकित शल्यविशारद आणि वैद्यकतज्ज्ञ सकाळी रुग्णालयात येत, आपले युनिट सांभाळत, विद्यार्थ्यांना शिकवत आणि दुपारनंतर आपापल्या खासगी दवाखान्यात जात. पालिकेकडून त्यांना मिळे ते मानधन नावापुरतेच. 'केईएमचे मानद' ही पाटीवर लिहायची पदवी होती आणि तिच्यामुळे खासगी दवाखाना भरभराटीला येई, हे खरे. तरीही त्या पद्धतीने गरिबाला अशा हातांचे उपचार मिळवून दिले, जे त्याला एरवी कधीच परवडले नसते. पुढे पूर्णवेळ अध्यापकांची पद्धत आली. विभाग स्थिर झाले, संशोधनाला सातत्य आले. मात्र शहरातले अग्रगण्य डॉक्टर आणि पालिकेचा वॉर्ड यांच्यातले रोजचे नाते विरळ झाले.

सर्पगंधेपासून हृदयापर्यंत

केईएमच्या नावावर 'पहिल्या' गोष्टींची जी यादी सांगितली जाते, ती बरीचशी खरी आहे; पण त्यातल्या काही नोंदींना तळटीप जोडावी लागते.

डॉ. रुस्तम जाल वकील यांचे काम सर्वांत आधी घ्यायला हवे. सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यकाला जुन्या काळापासून माहीत होती. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाबावरील आणि मनोविकारांवरील परिणाम नोंदवला होता. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाला पटेल अशा रीतीने, मोजमापे घेऊन केलेली पाहणी वकिलांनी केईएममध्ये केली. वाढत्या रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरील त्यांचा निबंध १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला. त्यानंतर सर्पगंधेकडे अमेरिका व युरोपातील प्रयोगशाळांचे लक्ष गेले आणि १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले गेले. उच्च रक्तदाबावर परिणामकारक औषधे जवळजवळ नव्हतीच, असा तो काळ होता. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. रेसर्पिन आज क्वचितच दिले जाते. रक्तदाब औषधाने आटोक्यात ठेवता येतो, हा विश्वास जगाला देण्यात मात्र त्याचा मोठा वाटा होता.

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. आज तो 'बॉम्बे रक्तगट' म्हणून जगभर ओळखला जातो. नेहमीच्या चाचणीत हे रक्त 'ओ' गटाचे भासते, पण 'ओ' गटात असणारा 'एच' हा घटकच त्यात नसतो. त्यामुळे अशा माणसाला 'ओ' गटाचे रक्त दिले तरी ते घातक ठरते. त्याला दुसऱ्या बॉम्बे गटाच्याच व्यक्तीचे रक्त लागते. भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा हा रक्तगट असतो. नवा गट सापडला तो मुंबईत, यात योगायोगाचा भाग कमी होता. ज्या शहरात देशभरातून माणसे येतात आणि अपघातात, मारामारीत रक्त सांडून सार्वजनिक रुग्णालयात पोचतात, तेथेच अशी दुर्मीळ विसंगती कोणाच्या तरी नजरेला पडण्याची शक्यता असते. १९५७ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सुरू केलेल्या रक्तगट संदर्भ केंद्रातून पुढे राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था घडली. ती केईएमच्याच आवारात आहे.

शल्यचिकित्सेतले मोठे नाव डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे. १९६५ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयरचनेवरून एक कल्पना मांडली. या प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूला रक्त मिळते ते बरेचसे हृदयाच्या पोकळीतूनच, थेट झिरपून. मग रोहिण्या तुंबलेल्या माणसाच्या हृदयात बारीक छिद्रे पाडून तशीच वाट का करू नये? पुढे लेझरने केल्या गेलेल्या याच तऱ्हेच्या उपचारांच्या इतिहासात सेन यांच्या निबंधाचा उल्लेख येतो. त्याच वर्षी केईएममध्ये मृत दात्याचे मूत्रपिंड बसवण्याची देशातली पहिली शस्त्रक्रियाही झाली. रुग्ण फार दिवस जगला नाही. यशस्वी प्रत्यारोपणासाठी १९७१ सालच्या वेल्लोरपर्यंत वाट पाहावी लागली.

३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाऊनमध्ये डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, सेन यांनी परळला ही शस्त्रक्रिया केली. जगातल्या अशा अगदी सुरुवातीच्या शस्त्रक्रियांत तिची गणना होते. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी दुसरा प्रयत्न झाला, तोही टिकला नाही. शरीर परके हृदय का झिडकारते, याचे उत्तर तेव्हा कोणापाशीच नव्हते आणि पुढल्या काही वर्षांत जगातल्या बहुतेक केंद्रांनी हा नाद सोडला. भारतात तर मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यताच नव्हती; ती १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मिळाली. त्या वर्षी दिल्लीच्या 'एम्स'मध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी यशस्वी प्रत्यारोपण केले आणि देशातले 'पहिले' म्हणून तेच सामान्यतः सांगितले जाते. केईएममध्ये पुन्हा हृदय प्रत्यारोपण झाले ते जुलै २०२४ मध्ये, ५६ वर्षांनी. मधल्या काळात ही शस्त्रक्रिया शहरातल्या खासगी रुग्णालयांत रुजली होती. तिचा खर्च लाखांत होता. पालिकेच्या रुग्णालयात ती पुन्हा सुरू होण्याचे महत्त्व या खर्चाकडे पाहिले म्हणजे कळते.

६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून केईएममध्ये जन्मलेली मुलगी देशातली पहिली 'टेस्ट ट्यूब बेबी' म्हणून गाजली. या कामात त्यांना परळच्याच प्रजननविषयक संशोधन संस्थेतील डॉ. टी. सी. आनंदकुमार यांची साथ होती. येथे तळटीप आवश्यक आहे. कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ साली, इंग्लंडमधील पहिल्या अशा जन्मानंतर काही आठवड्यांतच, हे साधले होते. सरकारी चौकशीने त्यांचा दावा फेटाळला आणि त्यांनी आत्महत्या केली. आनंदकुमार यांनी पुढे मुखोपाध्याय यांची टिपणे स्वतः तपासली आणि १९९७ मध्ये पहिलेपणाचा मान त्यांचाच असल्याचे जाहीरपणे लिहिले. म्हणून केईएममधील जन्माला 'शास्त्रीय नोंदी असलेला पहिला' असे म्हणणे योग्य. ज्याच्याकडे श्रेय आले त्याने ते आपण होऊन दुसऱ्याच्या पदरात घालावे, असे विज्ञानात फार वेळा घडत नाही.

वॉर्ड क्रमांक चार

केईएमच्या इतिहासातले एक प्रकरण वैद्यकीय पराक्रमाच्या यादीत बसत नाही. तरीही देशाच्या कायद्यावर सर्वांत खोल ठसा उमटला तो त्याचाच. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने आवारात पाशवी हल्ला केला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि त्या कायमच्या अचेतनप्राय अवस्थेत गेल्या. परिचारिकांच्या सुरक्षेसाठी तेव्हा मुंबईत संपही झाला. हल्लेखोराला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल; लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवला गेलाच नाही.

चौथ्या क्रमांकाच्या वॉर्डालगतच्या खोलीत अरुणा ४२ वर्षे राहिल्या. त्यांना भरवणे, कूस बदलणे, स्वच्छ ठेवणे हे काम परिचारिकांच्या पिढ्यांनी एकमेकींकडे सोपवत नेले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या देहाला शय्याव्रण होऊ न देणे म्हणजे काय, हे ज्याने घरात आजारी माणूस सांभाळला आहे त्याला वेगळे सांगायला नको. त्यांना तेथून हलवण्याचे पालिकेचे प्रयत्न परिचारिकांनी विरोध करून हाणून पाडले.

लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणांना शांतपणे मरू द्यावे, अशी याचिका केली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांच्या पीठाने ७ मार्च २०११ रोजी ती फेटाळली. मात्र त्याच निकालाने काही अटींवर निष्क्रिय दयामरणाला देशात प्रथम मान्यता दिली. अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांकडे बोट दाखवले. ज्यांनी रोज सांभाळले तेच जवळचे, असा तो न्याय होता. कर्मचाऱ्यांना त्यांनी जगावे असे वाटत होते. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि जिवंतपणी केलेले वैद्यकीय इच्छापत्र मान्य केले. त्या वाटेची सुरुवात परळच्या खोलीतून झाली होती. हा हल्ला ज्या असुरक्षिततेतून झाला तीही याच आवारातली होती, हे मात्र सेवेचे गोडवे गाताना निसटून जाऊ नये.

गुळवेल आणि शल्यगृह

जी.एस.च्या अध्यापकांनी चालवलेले 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' हे नियतकालिक १९५५ पासून निघते. एका महाविद्यालयाच्या अध्यापकवर्गाच्या संघटनेने इतकी दशके शास्त्रीय नियतकालिक टिकवावे, ही साधी गोष्ट नाही.

मराठी वाचकांना या संस्थेतली दोन नावे वैद्यकाबाहेरही परिचित आहेत. शल्यविशारद डॉ. रवी बापट यांचे, सुनीति जैन यांनी शब्दांकन केलेले 'वॉर्ड नंबर पाच, केईएम' हे आत्मकथन आणि औषधशास्त्रज्ञ डॉ. शरदिनी डहाणूकर यांची 'वृक्षगान', 'फुलवा', 'हिरवाई' ही झाडांवरची पुस्तके. या दोघांनी सहकाऱ्यांसह एकत्र केलेले काम मात्र कमी लोकांना माहीत आहे. पित्तमार्ग तुंबून कावीळ झालेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया केली की त्यांतले बरेच जण जंतुसंसर्गाने दगावत, कारण त्यांची प्रतिकारशक्ती आधीच खचलेली असे. अशा रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी गुळवेल देऊन तिचा परिणाम पाहण्याचा प्रयोग केईएममध्ये झाला आणि १९९० च्या दशकात त्याचे आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुर्वेदाचा जयजयकार करणारे आणि त्याला हसणारे असे दोन तट आपल्याकडे नेहमीच असतात. डहाणूकरांचा विभाग यांपैकी कुठल्याच तटात सामील न होता मोजमाप करत बसला. २००२ साली त्यांचे निधन झाले.

दार उघडे ठेवण्याची किंमत

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, त्यांच्या जागी कचेऱ्या आणि उंच निवासी मनोरे आले. परळ बदलले, पण केईएमची गर्दी ओसरली नाही. रुग्ण आता लांबून येतो. सकाळी केसपेपरच्या रांगेत कोकणातला शेतकरी, गोवंडीतला जरीकामगार, बिहारमधून थेट दादर टर्मिनसला उतरलेले कुटुंब अशी सगळी मंडळी असतात. सार्वजनिक रुग्णालयाचा अलिखित नियम असा की खाट नाही म्हणून कोणाला परत पाठवायचे नाही. मग दोन खाटांच्या मध्ये गादी घातली जाते. सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला अडकवली जाते. बाहेरून पाहणाऱ्याला हा बेशिस्तीचा नमुना वाटतो. त्या गादीवरच्या माणसाचा मात्र तोच शेवटचा आधार असतो.

शहरावर संकट आले की पहिली रुग्णवाहिका बहुधा याच दारात येते. मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट आणि जुलै २००६ चे लोकलगाड्यांतले स्फोट यांतले जखमी येथे आणले गेले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण मृत्युमुखी पडले. जखमी आणि मृत केईएममध्येच आणले गेले. तेव्हा मृतांच्या कपाळावर क्रमांक लिहिल्याबद्दल रुग्णालयावर मोठी टीका झाली. प्रत्येक नातेवाइकाला सगळे मृतदेह पाहावे लागू नयेत, क्रमांक घातलेल्या छायाचित्रांवरून ओळख पटावी म्हणून तसे केले, असे स्पष्टीकरण देण्यात आले. हेतू समजण्यासारखा होता. दृश्य तरीही पाहवत नव्हते. घाईच्या वेळी माणसाची प्रतिष्ठा कशी राखायची, याचा धडा अशा रुग्णालयांना पुन्हा पुन्हा गिरवावा लागतो. २०२० च्या करोना साथीत हेच रुग्णालय उपचारांच्या अग्रभागी होते आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात कोव्हिशील्ड लसीच्या चाचण्याही येथे सुरू झाल्या.

या सगळ्याचा भार वाहतो तो निवासी डॉक्टर. पदव्युत्तर शिक्षण घेणारा हा पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी आपल्या युनिटच्या इमर्जन्सीच्या दिवशी सलग छत्तीस तासही उभी असते. महाविद्यालयाच्या दृष्टीने ती विद्यार्थिनी, पालिकेच्या दृष्टीने कर्मचारी आणि संतापलेल्या नातेवाइकाच्या दृष्टीने साऱ्या व्यवस्थेची प्रतिनिधी. निवासी डॉक्टरांच्या संपांमागे विद्यावेतन, वसतिगृहातल्या खोल्या आणि मारहाणीपासून संरक्षण याच मागण्या वर्षानुवर्षे आलटून पालटून असतात.

एमबीबीएसच्या जागा पूर्वी १८० होत्या, त्या वाढून २५० झाल्या. प्रवेश आता देशपातळीवरील 'नीट' परीक्षेने होतो आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. गुणवत्ता यादीत वरचे स्थान असलेली राज्यातली मुले आजही पहिल्या पसंतीत जी.एस. लिहितात, आणि त्याचे कारण विचारले तर बहुतेक जण एकच सांगतात : तिथे रुग्ण पाहायला मिळतात. त्या रुग्णांचे नातेवाईक रात्री आचार्य दोंदे मार्गाच्या पदपथावर चादर अंथरतात किंवा जागा मिळाली तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पाठ टेकतात. सकाळी सातला ते पुन्हा केसपेपरच्या खिडकीसमोर उभे असतात.